वरून पाणी घातल्यावर ओजी दर वेळी वेगळाच का येतो? घट्ट वॉर्ट पातळ करतानाच्या अडचणी आणि उपाय

पातेलं लहान असलं की वॉर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) घट्ट उकळायचा आणि फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, वरून पाणी घालून तो पुरा करायचा, ही पद्धत घरी बियर करणारे बहुतेकजण वापरतात. चांगली पद्धत आहे. पण तिच्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. दहा लिटर घट्ट वॉर्टमध्ये पाणी घालून वीस लिटर केले, रेसिपीप्रमाणे ओजी (ओरिजिनल ग्रॅव्हिटी, म्हणजे आंबण्याआधीची वॉर्टची घनता) १.०४५ यायला हवा, आणि घनता मोजणारा हायड्रोमीटर दाखवतो १.०३२. पुढच्या खेपेला सामान तेच, पाणी तेवढंच, आणि आकडा येतो १.०५८.

मग घाईत उपाय सुरू होतात. आकडा कमी आला म्हणून कोणी पाव-अर्धा किलो साखर ओततं, जास्त आला म्हणून कोणी आणखी दोन लिटर पाणी घालतं. बहुतेक वेळा मूळ वॉर्टमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड सुरू होतो तो या दुरुस्तीने. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: खाली दिलेल्या क्रमाने तपासणी होईपर्यंत फर्मेंटरमध्ये काहीही घालू नका, ना साखर, ना पाणी.

आधी नीट मिसळलंय का ते बघा

दहापैकी आठ-नऊ तक्रारींचं मूळ मला इथेच सापडतं. १.०९० चा घट्ट वॉर्ट पाण्यापेक्षा बराच जड असतो. त्यावर पाणी ओतलं की साखरेच्या पाकासारखा तो तळाशी बसतो आणि पाणी वर तरंगत राहतं. वरवर बघता सगळं एकरंगी दिसतं, विशेषतः गडद बियरमध्ये. पण वरून वाटीभर काढलेला नमुना आणि खालच्या तोटीतून घेतलेला नमुना यांच्यात वीस-तीस पॉइंटचा (१.०४५ म्हणजे ४५ पॉइंट) फरक सहज असू शकतो. तोटीतून घेणाऱ्याचा ओजी जास्त येतो, वरून घेणाऱ्याचा कमी. एकच माणूस एकदा इथून आणि एकदा तिथून नमुना घेत असेल, तर त्याला दर वेळी नवा आकडा दिसणारच.

खात्री करून घेणं सोपं आहे. एक नमुना वरून घ्या, एक तळातून, आणि दोन्ही मोजा. दोन पॉइंटपेक्षा जास्त फरक असेल तर अजून मिसळायचं आहे, एवढंच त्याचं निदान.

मिसळायचं म्हणजे चमचा वरच्या वर गोल फिरवायचा असं नव्हे. गोल फिरवल्याने सगळं द्रव एकत्र गरगरतं, थर मात्र थरावरच राहतात. निर्जंतुक केलेला लांब दांड्याचा चमचा तळापर्यंत नेऊन खालचं वर आणायचं आणि मध्येच दिशा उलटी करायची. दोन-तीन मिनिटं तरी हे जोमाने करावं लागतं. फर्मेंटर झाकणबंद होत असेल तर आडवा धरून हलवणं आणखी चांगलं, कारण यीस्टला हवा असलेला ऑक्सिजनही त्यातच मिसळतो. फक्त वॉर्ट गार झालेला असू द्या. गरम वॉर्टमध्ये हवा घुसळली तर बियर लवकर शिळी होण्याचा धोका असतो.

ओतण्याच्या क्रमानेही फरक पडतो. आधी थोडं पाणी, मग वॉर्ट, मग उरलेलं पाणी थोड्या उंचीवरून जोरात सोडलं, तर अर्धं काम ओततानाच होऊन जातं. सगळा वॉर्ट तळात आणि त्यावर बाजूने हळूच सोडलेलं पाणी, हा थर बसवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

तोटीबद्दल एक बारीक गोष्ट. तोटीच्या नळीत घट्ट वॉर्ट अडकून राहतो आणि तुम्ही कितीही ढवळलं तरी तो तिथेच असतो. म्हणून पहिलं अर्धी वाटीभर द्रव बाजूला काढा आणि नंतरचं मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) वापरणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. त्याला दोन-चार थेंब पुरतात आणि ते थेंब नेमके एकाच थरातले असू शकतात.

यीस्ट घालून झालंय आणि आता लक्षात येतंय की ओजी मोजताना मिसळलंच नव्हतं? घाबरू नका. फर्मेंटेशनने जोर धरला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तळापासून वरपर्यंत सगळं घुसळून काढतात आणि थर मोडतात. बियर ठीक होईल, फक्त तुमच्या वहीतला आकडा खोटा राहील. त्याचा परिणाम पुढे दारूचं प्रमाण काढताना दिसतो. ओजीतून एफजी (फायनल ग्रॅव्हिटी, म्हणजे आंबून झाल्यावरची घनता) वजा करून १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. एफजी १.०१० असेल आणि ओजी १.०३२ धरला, तर २.९ टक्के येतात. खरा ओजी १.०४५ असेल तर तीच बियर ४.६ टक्क्यांची असते. हलकी समजून जास्त प्यायली जाईल इतका हा फरक आहे. अशा वेळी वहीत मोजलेला ओजी न लिहिता हिशोबाने काढलेला लिहा.

हिशोबाने किती यायला हवा होता?

पाणी घातल्याने वॉर्टमधली साखर वाढतही नाही आणि कमीही होत नाही. सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे. ओजीच्या दशांशानंतरच्या आकड्याला पॉइंट म्हणू: १.०९० म्हणजे ९० पॉइंट. पॉइंटला लिटरने गुणलं की एकूण साठा मिळतो, आणि पाणी घालण्याआधी व नंतर तो सारखाच राहतो. दहा लिटर गुणिले ९० म्हणजे ९००. ते वीस लिटरमध्ये वाटले की ४५, म्हणजे १.०४५.

माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या साखरेचा तयार घट्ट पाक किंवा पावडर) वापरत असाल तर हा साठा डबा उघडायच्या आधीच ठरलेला असतो. एक किलो द्रव एक्स्ट्रॅक्ट एका लिटरच्या हिशोबाने साधारण ३०० पॉइंट देतं, कोरडं एक्स्ट्रॅक्ट साधारण ३६७ आणि साधी साखर ३८४. तीन किलो द्रव एक्स्ट्रॅक्ट म्हणजे ९०० पॉइंट. ते सगळं फर्मेंटरमध्ये पोचलं असेल आणि घनफळ खरोखर वीस लिटर असेल, तर ओजी १.०४५ च्या जवळपासच असणार. हायड्रोमीटर १.०३२ म्हणत असेल, तर तीन किलोतलं जवळजवळ ८७० ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट हरवलं असं तो म्हणतोय. एवढं एक्स्ट्रॅक्ट जाईल कुठे? डब्यात चिकटलेलं धरलं तरी शे-दीडशे ग्रॅमच्या वर जात नाही, आणि तेही गरम पाण्याने डबा विसळला तर मिळतं. एक्स्ट्रॅक्टच्या बियरमध्ये हिशोब आणि रीडिंग यांच्यात असा मोठा फरक दिसला, तर मी हिशोबाच्या बाजूने उभा राहतो आणि मोजमापात खोट शोधतो.

दाणे भिजवून, मॅश करून वॉर्ट काढणाऱ्यांना मात्र ही सोय नाही. दाण्यांतून साखर किती निघाली हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यांनी उकळ संपताना पातेल्यातलाच नमुना घ्यावा. उकळत्या वॉर्टमध्ये थर नसतात, त्यामुळे तो नमुना सगळ्यात विश्वासाचा. तो झाकून गार करा, कारण उघडा गरम नमुना वाफ सोडत आणखी घट्ट होतो. गार झाल्यावर मोजा, पातेल्यातल्या लिटरने गुणा, हव्या त्या पॉइंटने भागा, आणि एकूण किती लिटरपर्यंत पाणी घालायचं ते उत्तर मिळेल. रेसिपीत लिहिलेल्या वीस लिटरच्या रेषेपेक्षा या उत्तराला मान द्या. खरं तर एक्स्ट्रॅक्टवाल्यांनीही हीच सवय लावून घ्यावी असं मला वाटतं. मग फर्मेंटरमधलं रीडिंग केवळ पडताळणीपुरतं उरतं.

इथे एक मेख आहे. वॉर्ट उकळीच्या तापमानावरून वीस अंशांवर आला की सुमारे ४ टक्के आकसतो. पातेल्यात गरम असताना दिसणारे दहा लिटर गार झाल्यावर ९.६ लिटर भरतात. गरम घनफळ आणि गार नमुन्याचा आकडा यांचा गुणाकार केला तर साठा उगाच जास्त दिसतो आणि नंतर ओजी कमी आल्यासारखं वाटतं.

मोजताना कुठे फसतं?

तापमान हा सगळ्यात मोठा फसवणारा. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला बरोबर वाचतात, काही १५.६ अंशांना. कोणता तुमचा, ते त्याच्या आतल्या कागदी पट्टीवर लिहिलेलं असतं. वॉर्ट त्याहून गरम असेल तर पातळ भासतो. वीस अंशांच्या हायड्रोमीटरवर ३० अंशांना सुमारे अडीच-तीन पॉइंट कमी दिसतात, ४० अंशांना सहा-सात आणि ६० अंशांना पंधरा-सोळा. पाणी घालून ‘झाला गार’ असं म्हणत बोट बुडवून अंदाज घेतला जातो, तेव्हा वॉर्ट पुष्कळदा पस्तीसच्या आसपास असतो. तेवढ्यानेही चार-पाच पॉइंट जातात. तक्ता बघून बेरीज करण्यापेक्षा नमुन्याची नळी थंड पाण्यात दहा मिनिटं उभी करून वीस अंशांवर आणणं केव्हाही बरं, कारण फरक जितका मोठा तितका तक्त्यातला अंदाज कच्चा.

हायड्रोमीटर नळीत सोडताना त्याला एक हलकी गिरकी द्या, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा वाढवून दाखवतात. नुकत्याच घुसळलेल्या वॉर्टमध्ये हे हमखास होतं, म्हणून ढवळल्यावर पाच मिनिटं थांबून नमुना घ्या. हायड्रोमीटर स्वतः खरा आहे का हे वीस अंशांच्या साध्या पाण्यात बघावं. तिथे १.००० येत नसेल तर जेवढा फरक असेल तेवढा कायमचा वजा किंवा अधिक करायचा. आतली पट्टी सरकलेले हायड्रोमीटर दुर्मीळ नसतात.

दुसरी फसगत घनफळाची. फर्मेंटरच्या अंगावर छापलेल्या रेषांवर अनेकांचा डोळे झाकून विश्वास असतो. आमच्या ९०० पॉइंटच्या उदाहरणात वीसऐवजी प्रत्यक्षात २२ लिटर भरले गेले असतील तर ओजी १.०४१ येतो, आणि साडेअठराच भरले असतील तर जवळजवळ १.०४९. म्हणजे दोन्ही बाजूंना चार पॉइंटची चूक, आणि तीही सगळं काही नीट केल्यावर! उपाय एकदाच करायचा आहे. फर्मेंटर वजनकाट्यावर ठेवा, पाणी घालत जा आणि प्रत्येक किलोला एक लिटर धरून बाहेरून पक्क्या शाईने खुणा करा. पातेल्यासाठी लाकडी किंवा स्टीलच्या पट्टीवर अशाच खुणा करून ठेवा.

गाळाबरोबर गेलेली साखर

मिसळणं झालं, तापमान बरोबर, घनफळही बरोबर, आणि तरीही ओजी सहा-सात पॉइंटने कमी. आता मात्र खरोखर साखर कमी पडली आहे, आणि संशयित एकच: पातेल्याच्या तळाशी सोडून दिलेला वॉर्ट.

उकळ संपल्यावर तळाशी हॉप्सचा (बियरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा आणि प्रथिनांचा गाळ जमतो. तो फर्मेंटरमध्ये जाऊ नये म्हणून शेवटचा लिटर-दीड लिटर आपण पातेल्यातच ठेवतो. वॉर्ट पूर्ण वीस लिटरचा उकळला असेल तर याने ओजी बदलत नाही, फक्त बियर दीड लिटरने कमी होते. घट्ट वॉर्टमध्ये गोष्ट वेगळी. तिथे सोडलेल्या प्रत्येक लिटरमध्ये दुप्पट साखर असते, आणि घटलेलं घनफळ आपण पाण्याने भरून काढतो. उदाहरणातला दीड लिटर सोडला तर १३५ पॉइंट गेले. उरले ७६५, आणि वीस लिटरला १.०३८. रेसिपी तीच, हात तोच, आणि हॉप्स जास्त घातलेल्या बियरमध्ये गाळ जास्त साठतो म्हणून तिचाच ओजी नेहमी पडतो. हे कोडं अनेकांना वर्षानुवर्षं सुटत नाही.

यावर मला सगळ्यात पटलेला उपाय असा. वॉर्ट गाळणीतून ओतून घ्या, पातेल्यात उरलेल्या गाळावर उकळून गार केलेलं एक-दोन लिटर पाणी घाला, ढवळा, थोडं बसू द्या आणि तेही गाळून फर्मेंटरमध्ये घ्या. हे पाणी असंही वरून घालायचंच होतं, मग ते पातेल्यातून फिरवून घातलं तर अडकलेली बरीचशी साखर परत येते. हॉप्स जाळीच्या पिशवीत बांधून उकळले तर निथळून घेणं आणखी सोपं. थोडा गाळ फर्मेंटरमध्ये गेला तरी काही बिघडत नाही. तो यीस्टबरोबर तळाशी बसतो आणि बियर काढताना मागे राहतो. स्वच्छ वॉर्टच्या हट्टापायी साखर फेकून देणं मला मुळीच पटत नाही.

खरोखर चुकला असेल तर दुरुस्ती

दोन-तीन पॉइंटच्या आत असेल तर हात लावू नका. तेवढा फरक जिभेला कळत नाही.

ओजी जास्त असेल तर काम सोपं. समजा १९ लिटर आहेत आणि नीट मिसळून, गार करून मोजलेला आकडा १.०५२ आहे. १९ गुणिले ५२ म्हणजे ९८८, भागिले ४५ म्हणजे जवळपास २२ लिटर. म्हणून तीन लिटर पाणी घाला. आधी फर्मेंटरमध्ये फेसाला जागा उरते का ते बघा, आणि पाण्याबरोबर कडूपणाही त्याच प्रमाणात उतरेल हे लक्षात ठेवा. कडू बियर करत असाल तर थोडा जास्त ओजी राहू दिलेला बरा.

ओजी कमी असेल तर कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट घाला. १.०३८ वरून १.०४५ वर न्यायला वीस लिटरना १४० पॉइंट हवेत, म्हणजे सुमारे ३८० ग्रॅम. चारशे ग्रॅम घेऊन अर्ध्या लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करून ओता आणि ढवळा. घनफळ थोडं वाढल्याने प्रत्यक्षात १.०४४ च्या आसपास येईल, आणि तेवढं चालतं. साध्या साखरेनेही आकडा गाठता येतो, पण ती सगळीच्या सगळी आंबून जाते आणि अंगाने पातळ, कोरडी बियर मागे ठेवते. आकडा जुळला, बियर मात्र ठरवलेली राहिली नाही, असं होतं. फर्मेंटेशन जोरात सुरू झाल्यावर कोरडी पावडर थेट कधीही टाकू नका. विरघळलेला वायू एकदम सुटतो आणि फेस फर्मेंटरबाहेर उसळतो.

ओजी बरोबर, पण बियर कमी कडू आणि जास्त गडद

ही तक्रार वेगळी वाटते, पण मूळ तेच आहे. घट्ट वॉर्टमध्ये हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो. घरी बियर करणारे ज्यावर सगळ्यात जास्त भिस्त ठेवतात त्या टिनसेथच्या सूत्राने बघितलं, तर १.०४५ च्या वॉर्टमध्ये साठ मिनिटं उकळलेल्या हॉप्समधल्या अल्फा आम्लांपैकी (कडूपणा यांच्यामुळेच येतो) सुमारे २४ टक्के कामी येतात. १.०९० च्या वॉर्टमध्ये १६ टक्केच. म्हणजे पूर्ण उकळीसाठी लिहिलेली रेसिपी अर्ध्या उकळीत जशीच्या तशी केली, तर कडूपणा एक तृतीयांशाने घटतो. ३६ आयबीयूची (आयबीयू हे कडूपणा मोजण्याचं एकक) अपेक्षा असेल तर २४ मिळतात. शिवाय वॉर्टमध्ये विरघळणाऱ्या कडू द्रव्यांनाही मर्यादा आहे, साधारण १०० आयबीयूच्या आसपास. पातेल्यात शंभर गाठले तरी दुप्पट पाण्यात त्याचे पन्नास उरतात. अतिकडू बियर अर्ध्या उकळीतून हवी तशी होत नाही, ती यामुळे. तिथे हॉप्स कितीही वाढवले तरी पैसे आणि चोथा वाढतो, कडूपणा नाही.

रंगाचंही असंच. साखर आणि अमिनो आम्लं दाट असताना तासभर उकळली की मेलार्ड क्रिया जोरात होते, रंग चढतो आणि फिक्या बियरला खरपूस चव येते. तळाशी जाड थर बसून करपला तर ती चव कशानेच जात नाही.

दोन्हींवर उपाय एकच आहे आणि तो फार गुणाचा आहे: एक्स्ट्रॅक्ट एकदम घालू नका. तीन किलोपैकी सव्वा किलोच्या आसपास सुरुवातीला घाला. आठ लिटर वॉर्टमध्ये १.२ किलो असेल तर ३६० भागिले आठ म्हणजे ४५. बघा, उकळणारा वॉर्ट आता नेमका तुमच्या शेवटच्या ओजीइतकाच आहे. हॉप्स त्यातच उकळा. उरलेलं १.८ किलो उकळ संपायला दहा मिनिटं असताना आच बंद करून घाला, तळ खरवडत पूर्ण विरघळवा आणि पुन्हा उकळी आणा. आच बंद करायला विसरलात तर द्रव एक्स्ट्रॅक्ट थेट तळाला जाऊन चिकटतं. द्रव एक्स्ट्रॅक्ट स्वतःही जागा खातं, किलोला साधारण पाऊण लिटर, तेव्हा पातेल्यात तेवढी जागा आधीच ठेवा.

वरून घालायचं पाणी

हे पाणी उकळत्या वॉर्टबरोबर निर्जंतुक होत नाही, थेट यीस्टच्या शेजारी जातं. म्हणून मी ते आदल्या रात्री पंधरा मिनिटं उकळून, झाकून गार करायला सांगतो. पाण्यात क्लोरीन असेल तर उकळताना तेही उडून जातं. क्लोरामाइन मात्र उकळून सहजासहजी जात नाही, आणि ते राहिलं की बियरला औषधी, बँडेजसारखा वास येतो, जो कितीही महिने ठेवली तरी जात नाही. त्यासाठी मेटाबायसल्फाइटची कॅम्पडेन गोळी वापरतात. एक गोळी सुमारे ७५ लिटरना पुरते, तेव्हा वीस लिटरच्या कामाला पाव गोळी पुरे.

उकळलेल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ नसतो. यीस्ट घालण्याआधीचं जोरदार ढवळणं म्हणूनच दुहेरी गरजेचं आहे. अर्धी बॅच अशा पाण्याची असताना ते टाळलं तर फर्मेंटेशन उशिरा सुरू होतं आणि कधी अर्ध्यावर रेंगाळतं.

गार पाण्याने वॉर्टही गार होतो, पण त्यालाही हिशोब आहे. ९० अंशांचे दहा लिटर आणि ५ अंशांचे दहा लिटर मिळून सत्तेचाळीसच्या आसपास येतात, आणि त्यात यीस्ट घालणं म्हणजे ते मारणं. आधी पातेलं थंड पाण्याच्या टबात ठेवून वॉर्ट चाळीसपर्यंत आणा. मग ५ अंशांचं पाणी घातलं की बावीस-तेवीस मिळतात, आणि एल प्रकारच्या बियरच्या बहुतेक यीस्टसाठी तिथून थोडंच खाली यायचं असतं. तरीही गरम राहिलं, तर उकळलेल्या पाण्याचा निर्जंतुक डब्यात गोठवलेला एक किलो बर्फ वीस लिटरच्या बॅचला सुमारे पाच अंशांनी उतरवतो. तो किलो पाण्याच्या हिशोबात धरायला विसरू नका. काचेच्या फर्मेंटरमध्ये गरम वॉर्ट किंवा बर्फ कधीही घालू नका. काच तडकते, आणि वीस लिटर भरलेली काच फुटली तर जखम गंभीर होते.

फर्मेंटेशननंतर पातळ करता येईल का?

मोठ्या ब्रुअरी हेच करतात. १४ ते १६ प्लेटोचा (प्लेटो हे वॉर्टमधली साखर मोजण्याचं दुसरं माप), म्हणजे साधारण १.०५७ ते १.०६५ चा वॉर्ट आंबवतात आणि नंतर पाणी घालून विक्रीच्या ताकदीवर आणतात. पण त्यांचं पाणी खास यंत्रातून ऑक्सिजन काढलेलं असतं. वीस अंशांच्या साध्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो आणि तयार बियरला तो विषासारखा आहे. काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते. घरी करायचंच असेल तर पाणी पंधरा-वीस मिनिटं खळखळ उकळा, काठोकाठ भरलेल्या बंद भांड्यात गार करा आणि नळीने बियरच्या पृष्ठभागाखाली, शिडकावा न करता सोडा. एकूण घनफळाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका. बाटलीत साखर घालून वायू भरणार असाल तर तिथलं यीस्ट थोडा ऑक्सिजन खाऊन टाकतं, म्हणून अशी बियर केगपेक्षा (बियर साठवायच्या धातूच्या पिंपापेक्षा) बाटलीत जास्त टिकते. आणि प्रायमिंगची, म्हणजे वायू भरण्यासाठीची, साखर पाणी घातल्यानंतरच्या घनफळावर मोजा, आधीच्या नव्हे.